विजेचा धोका टाळायचाय, पण सुरुवात कुठून करायची?

विजेतलं काहीच कळत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी हे लिहितोय. तुम्हाला वायरमन व्हायचं नाहीये, घरात किंवा कामावर कुणाला शॉक बसू नये आणि आग लागू नये एवढंच हवंय, आणि तेवढ्यापुरती लागणारी माहिती खरं तर फार नाही, एखाद्या सुट्टीच्या दिवसात डोक्यात बसते.

वीज सांगून येत नाही असं लोक म्हणतात, मला ते फारसं पटत नाही. बऱ्याचदा ती आधी सांगतेच. प्लग गरम लागतो, वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येतात, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) सारखी पडते, बोर्डातून तडतड आवाज येतो. आणि आपण काय करतो, तर प्लग अजून जरा दाबून बसवतो, चप्पल घालून मशीन लावतो, आणि एमसीबी पडते म्हणून तिच्या जागी मोठी बसवून घेतो. म्हणजे ओरडणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवायचा आणि म्हणायचं बघा आता कसं शांत आहे. खाली जे काही करायला सांगितलंय ते सगळं याच्या उलटं आहे, आधी ऐकायचं, मग कारण शोधायचं.

पायरी १ : थोडे आकडे डोक्यात बसवा

शॉक किती व्होल्टचा होता असं सगळे विचारतात, पण शरीराचं नुकसान करतो तो आतून गेलेला करंट, आणि तो मोजतात मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. १ मिलिअँपिअरला नुसत्या झिणझिण्या. १० च्या आसपास गेला की हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली वायर सोडता येत नाही. वीज माणसाला चिकटवून घेते म्हणतात ते हेच, चिकटवणारं बाहेरचं काही नसतं, आपलीच मूठ आवळली जाते. ३० च्या पुढे छातीचे स्नायू आखडून श्वास अडकू शकतो, आणि ५० ते १०० मध्ये हृदयाचा ठोका विस्कटायची भीती.

आता ९ वॅटचा एलईडी बल्ब घ्या, २३० व्होल्टवर तो साधारण ४० मिलिअँपिअर घेतो. एवढ्याशा बल्बाला जेवढा करंट लागतो तेवढा छातीतून गेला तर माणूस जाऊ शकतो. आणि त्या लाइनला असते समजा १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे १६,००० मिलिअँपिअर ओलांडल्याशिवाय तिला काही देणंघेणं नाही. एमसीबी असते वायर वाचवायला, तिला तुमची ओळखसुद्धा नाही. हे कळलं की पुढचं निम्मं आपोआप कळतं.

कोरड्या कातडीचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, बराच जास्त असतो, कधीकधी लाखभर ओहमपर्यंत, म्हणून कोरड्या हाताला झटका बसूनही माणूस वाचतो आणि मग वर्षानुवर्षं सांगत फिरतो की मला काही होत नाही. हात ओला असला की तोच रोध हजार ओहमच्या आसपास येतो आणि मग २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर होतात. काही देशांत घरात १२० व्होल्ट असतात, तिथे १२० होतील, तेही पुरेसे आहेत.

पायरी २ : डीबीशी ओळख करून घ्या

डीबी म्हणजे जिथे सगळ्या एमसीबी एका ओळीत बसवलेल्या असतात तो डबा. त्याचं बाहेरचं झाकण उघडा, स्क्रूने बसवलेलं आतलं कव्हर काढायचं नाही, त्याच्या मागचं काम आपलं नाही. आत एक मेन स्विच असेल, बारक्या एमसीबी असतील, आणि असलीच तर एक रुंद पट्टी दिसेल जिच्यावर टी किंवा टेस्ट लिहिलेलं छोटं बटण असतं. ती आरसीसीबी. तिच्यावर ३० मिलिअँपिअर किंवा ०.०३ अँपिअर छापलंय का बघा. १०० किंवा ३०० असेल तर ती आगीपासून वाचवायला ठीक आहे, माणसासाठी फार ढोबळ.

आरसीसीबी काय करते तर फेजमधून (वीज घेऊन येणारी वायर) गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून (वीज परत नेणारी वायर) परत आलेला करंट यांची सतत तुलना करते. जेवढा गेला तेवढा परत आला नाही म्हणजे कुठून तरी गळतोय, कदाचित कुणाच्या तरी अंगातून, की ती सप्लाय तोडते. ३० मिलिअँपिअरच्या फरकाला जास्तीत जास्त ०.३ सेकंदात, फरक मोठा असेल तर त्याहून खूप लवकर. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी किती करंटला माणसाचा हात सुटत नाही यावर बरीच वर्षं काम केलं आणि १९६१ मध्ये याच तत्त्वावरचं माणूस वाचवणारं उपकरण बनवलं. आज घराघरात जे बसवतात ते त्याच जातीचं.

आता ते टी बटण दाबा. आधी कॉम्प्युटरवर काही चालू असेल तर सेव्ह करा, कारण वीज जाणार आहे. खटकन आवाज येऊन लिव्हर खाली पडला पाहिजे. पडला तर परत वर करा, झालं काम. नाही पडला तर एक तर ती खराब झालीय किंवा जोडणी चुकलीय, दोन्हीला इलेक्ट्रिशियनच लागेल आणि लवकर लागेल. महिन्यातून एकदा, अगदीच आळस आला तर तीन महिन्यांतून एकदा तरी हे करायचं, कारण वर्षानुवर्षं न हललेली आतली यंत्रणा अडकून बसते. एक सांगून ठेवतो, या बटणाने आरसीसीबी चालते एवढंच कळतं, घराचं अर्थिंग (गळणारी वीज जमिनीत नेणारी जोडणी) नीट आहे की नाही ते यातून कळत नाही. आणि एका हाताने फेज, दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर तिला सगळा हिशोब बरोबरच दिसतो आणि ती पडत नाही. म्हणजे ही आहे म्हणून उघड्या वायरीशी खेळायचं लायसन्स मिळालं असं नाही.

आरसीसीबी नसेलच तर या लेखातल्या बाकी सगळ्याच्या आधी ती बसवून घ्या. सगळ्या घराला शक्य नसेल तर निदान बाथरूम, किचन आणि बाहेरच्या पॉइंटना.

मग लेबलं. घरातला एक जण डीबीपाशी, दुसरा घरभर फिरतोय, एक एमसीबी पाडायची आणि विचारायचं काय बंद झालं. "बेडरूमचे लाइट आणि पंखा" की लगेच तसं लिहून चिकटवायचं. कंटाळवाणं काम आहे पण मध्यरात्री कुठेतरी जळका वास येत असताना कुठली पाडू हे शोधत बसण्यापेक्षा बरं. घरातल्या प्रत्येकाला, शाळकरी मुलांनासुद्धा, मेन कुठे आहे आणि कसा पाडायचा हे माहीत हवं, आणि डीबीसमोर कपाट बिपाट ठेवायचं नाही.

पायरी ३ : पडलेली एमसीबी वर करण्याआधी

एमसीबी पडली की पहिलं काम कारण शोधणं. त्या लाइनवरचे सगळे प्लग काढा, नुसते बटणं बंद करून भागत नाही, प्लगच बाहेर. मग एमसीबी वर करा. काहीच जोडलेलं नसताना परत पडली तर दोष वायरिंगमध्ये आहे, तशीच पाडून ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. टिकली तर एकेक वस्तू लावत जा, जिच्यामुळे पडेल तीच गुन्हेगार. आरसीसीबी पडत असेल तरी हीच पद्धत, तिथे बहुतेक वेळा गिझर, मोटर किंवा पाण्याशी संबंध असलेलं काहीतरी सापडतं. एकेकटी वस्तू लावली की टिकते आणि दोन-तीन एकत्र लावल्या की थोड्या वेळाने एमसीबी पडते, असं होत असेल तर तो नुसता जास्त लोड आहे, म्हणजे एकाच लाइनवर तिच्या ताकदीपेक्षा जास्त उपकरणं, विभागून वापरा.

आणि ते एमसीबी मोठी करायचं. भिंतीत १.५ चौरस मिलिमीटरची वायर आहे, १० ची एमसीबी सारखी पडते, म्हणून कुणीतरी ३२ ची टाकून देतं, आणि खरंच पडायची थांबते. आता वायर भिंतीच्या आत तापते, तिच्यावरचं इन्सुलेशन (वीज बाहेर येऊ न देणारं आवरण) हळूहळू करपतं आणि बाहेर कुणाला काही दिसत नाही. एमसीबीचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो, तुमच्या गरजेवरून नाही. जास्त लोड हवाच असेल तर नवी जाड वायर ओढून वेगळी लाइन घ्यायची, खर्च आहे पण दुसरा रस्ता नाही. फ्यूज असलेल्या जुन्या बोर्डात जाड तार पिळून घालणं हाही तोच प्रकार, फक्त जुना.

पायरी ४ : सॉकेटांची एक फेरी मारा

ही फेरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण इथला दोष ना एमसीबीला दिसतो ना आरसीसीबीला. इस्त्री, हीटर, किटली असं काहीतरी जड उपकरण अर्धा तास चालवा. मग स्विच बंद करा, प्लग धरून काढा (वायर ओढून नाही) आणि प्लगच्या अंगाला हात लावा. जरासा कोमट असेल तर चालतं. बोट ठेवता येत नाही एवढा गरम असेल तर सॉकेटच्या आतली पकड ढिली झालीय किंवा मागचा स्क्रू सैल आहे.

आता टॉर्च घेऊन त्या सॉकेटकडे जवळून बघा. एका भोकाच्या कडेला तपकिरी वर्तुळ उमटलंय का, पांढरं प्लास्टिक तिथेच पिवळट पडलंय का, कड जरा वितळल्यासारखी आत वळलीय का. प्लगची एक पिन बाकीच्यांपेक्षा काळपट आहे का. वास घ्या, तापलेल्या सॉकेट-स्विचच्या प्लास्टिकला कधीकधी चक्क मासळीसारखा वास येतो आणि लोक भलतीकडेच शोधत राहतात. यातलं काहीही दिसलं तर तो सॉकेट त्याच दिवशी बंद, बदलेपर्यंत त्यात काहीच लावायचं नाही.

एवढी उष्णता येते कुठून? सैल जोडाचा रोध समजा अर्धा ओहम झाला आणि त्यातून १० अँपिअर जातायत. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे १०० गुणिले अर्धा, ५० वॅट. सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता एका काडेपेटीएवढ्या जागेत, बंद बोर्डाच्या आत, तासनतास. आणि करंट तर १० च आहे, एमसीबीच्या दृष्टीने सगळं सुरळीत. म्हणून डीबीतले आणि जड लोडच्या सॉकेटांचे स्क्रू वर्षातून एकदा इलेक्ट्रिशियनकडून सप्लाय बंद करून तपासून घ्यावेत. हे कुणी सहसा करत नाही.

फेरी मारताना वायरीही बघून घ्या. इस्त्री आणि चार्जरची वायर जिथे प्लगमध्ये शिरते तिथे नेमकी चिरते. नुसता टेप गुंडाळून ठेवलेला जोड, दारात चेपलेली वायर, गालिच्याखालून नेलेली वायर, खिळा ठोकून अडकवलेली वायर, हे सगळं बदलायच्या यादीत. पिन मोडली म्हणून नुसत्या वायरींची टोकं सॉकेटात खोचून काडीने पक्की करणं यावर मी बोलतच नाही.

तीन पिनच्या बऱ्याच प्लगांवर अर्थची पिन बाकी दोघींपेक्षा लांब असते. लांब यासाठी की प्लग लावताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी, म्हणजे उपकरणाला फेज मिळतोय आणि अर्थ नाही असा एकही क्षण येऊ नये. इतका विचार करून केलेली ती पिन लोक कापून टाकतात, का तर सॉकेट दोन पिनचा आहे. दोन पिनचं चालतं ते फक्त अशा उपकरणांना ज्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्यांना दुहेरी इन्सुलेशन असतं आणि अर्थिंग लागत नाही.

पायरी ५ : लोडचा हिशोब

उपकरणाच्या मागे वॅट लिहिलेले असतात, त्यांना व्होल्टने भागायचं की अँपिअर आले. २००० वॅटचा हीटर, २३० व्होल्ट, ८.७ अँपिअर. तोच हीटर १२० व्होल्टला बनवलेला असेल तर जवळपास १६.७. आता तुमच्या एक्स्टेंशन बोर्डवर ६ अँपिअर लिहिलं असेल तर २३० व्होल्टला त्याची सगळी मिळून ताकद १३८० वॅट, मग त्याला चार सॉकेट असोत की आठ, जास्त सॉकेट म्हणजे जास्त ताकद नाही. फोनचे चार्जर, राउटर, लॅपटॉप एकत्र लावा, काही होत नाही. हीटर, गिझर, किटली, एसी, इस्त्री हे थेट भिंतीतल्या जड सॉकेटात.

एका एक्स्टेंशनमध्ये दुसरं एक्स्टेंशन लावायचं नाही. आणि रीळवाली लांब वायर असेल तर दोन मीटरचंच काम असलं तरी जड लोडला पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही आणि आतले थर वितळून एकमेकांना चिकटतात.

पायरी ६ : पाणी आणि मुंग्या

फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटरची पत्र्याची केस, नळ, कशालाही हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ते "थोडंसं" नाहीये. याचा अर्थ बाहेरच्या पत्र्यावर वीज येतेय आणि तिला जमिनीत न्यायला अर्थिंग नाही किंवा तुटलंय. आज पाय कोरडे आहेत, रबरी चप्पल आहे, म्हणून नुसत्या मुंग्या. उद्या तीच फरशी ओली असेल आणि पाय उघडा. प्लग काढून ठेवा आणि अर्थिंग तपासून घ्या, उपकरणाचंही आणि सॉकेटचंही. प्लग उलटा लावला की मुंग्या जातात हा शोध बऱ्याच जणांना लागलेला असतो, तो उपाय नाही, गळती तिथेच असते.

पाणी तापवायचा रॉड वापरत असाल तर क्रम पक्का ठेवा. आधी रॉड पाण्यात, मग प्लग, मग स्विच. काढताना स्विच बंद, प्लग बाहेर, आणि त्यानंतरच पाण्यात हात घालून बघायचं तापलंय का. बादली धातूची नको. बाथरूममध्ये एक्स्टेंशन न्यायचं नाही आणि चार्जिंगला लावलेला फोन टबजवळ तर अजिबात नाही.

घरात पुराचं किंवा गळतीचं पाणी शिरलं आणि ते सॉकेटपर्यंत पोचलं असेल तर त्या पाण्यात पाय टाकू नका. मेन कोरड्या जागेवर उभं राहून पाडता येत असेल तरच पाडा, नाहीतर बाहेर राहून वीज कंपनीला लाइन बंद करायला सांगा. पाणी उतरल्यावर भिजलेली उपकरणं आणि वायरिंग तपासल्याशिवाय चालू करायचं नाही, वरून वाळलेलं दिसतं, आत ओल असते.

लहान मुलं असतील तर शटरवाले सॉकेट घ्या, बऱ्याच प्रकारांत शटर दोन्ही भोकांत एकदम काहीतरी घातल्याशिवाय उघडत नाही. आणि लिथियमच्या बॅटऱ्या, फोन असो की स्कूटर, फुगलेली वापरायची नाही, उशीखाली किंवा गादीवर चार्ज करायची नाही, आणि बाहेर जायच्या दारासमोर तर नाहीच.

पायरी ७ : स्वतः हात घालायचाच असेल तर

बल्ब बदलणं, प्लग बदलणं इथपर्यंत नवख्याने करावं. त्यापुढे ज्याला काम येतं त्याला बोलवावं. पण जे काही कराल त्यात क्रम असा. एमसीबी पाडा, तिच्यावर टेपचा तुकडा चिकटवा आणि घरात सांगा की मी काम करतोय. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून चालत नाही, कारण कुणी कधीकाळी चुकून स्विच न्यूट्रलवर घातला असेल तर बटण बंद करूनही होल्डरमध्ये फेज तसाच असतो. मग तपासा, आधी टेस्टर एका चालू असलेल्या सॉकेटवर लावून तो चालतो याची खात्री, मग कामाच्या जागी, मग परत त्या चालू सॉकेटवर. तिसरी वेळ लोक सोडतात, पण टेस्टर मधेच बिघडला असेल तर ते तिथेच कळतं. स्क्रूड्रायव्हरच्या आकाराचा जो दिवेवाला टेस्टर असतो तो तुमच्या अंगातूनच सर्किट पूर्ण करतो, कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलात किंवा उन्हात बघितलंत तर तो पेटलेला दिसेलच असं नाही. पेटला म्हणजे वीज आहे. नाही पेटला म्हणजे वीज नाही, असं मात्र म्हणता येत नाही. चांगला मल्टिमीटर किंवा दोन टोकांचा टेस्टर जास्त भरवशाचा.

वायरीच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. बऱ्याच देशांत आता तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ असतो, जुन्या घरांत लाल फेज आणि काळा न्यूट्रल सापडतो, आणि अमेरिकेत नेमका काळा फेज असतो आणि पांढरा न्यूट्रल. शिवाय बसवणाऱ्याकडे त्या दिवशी जो रंग होता तो त्याने घातला असेल.

मेन पाडला म्हणजे सगळं बंद झालं असंही नाही. इन्व्हर्टर असेल तर लाइट गेल्याबरोबर तो सुरू होतो आणि त्याच्या लाइनवर वीज येते. छतावर सोलर पॅनल असेल तर ऊन आहे तोवर पॅनलकडून येणाऱ्या वायरी जिवंत असतात. जनरेटर दोन्हीकडे पिन असलेल्या वायरीने भिंतीच्या सॉकेटात लावणं हा प्रकार तर जीवघेणा आहे, ती वीज उलटी जाऊन ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्ट होऊन बाहेर पडते आणि लाइन बंद आहे समजून खांबावर चढलेल्या माणसाला लागते. आणि मायक्रोवेव्ह कधी उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवून ठेवणारा भाग) २००० व्होल्टच्या वर चार्ज उरलेला असू शकतो.

कामाच्या ठिकाणी

वर्कशॉप, साइट, फॅक्टरीत नवीन लागला असाल तर सगळ्यात आधी लॉक आणि टॅगची पद्धत समजून घ्या. मशीनमध्ये हात घालायचा तर तिचा सप्लाय बंद करून त्या स्विचला आपलं कुलूप, किल्ली आपल्याच खिशात, आणि टॅगवर आपलं नाव. पाच जण काम करत असतील तर पाच कुलपं, शेवटचं निघेपर्यंत स्विच वर जाऊ शकत नाही. कुलूप लावल्यावर मशीनचं स्टार्ट बटण दाबून बघायचं, सुरू होत नाही ना, आणि मग टेस्टर. "अरे दोन मिनिटांचं काम आहे" हे वाक्य वरिष्ठाने म्हटलं तरी कुलूप लावायचंच, नवीन माणसाला तेवढं विचारायचा पूर्ण हक्क आहे की सर, लॉक लागलंय का.

चालू पॅनल उघडायचं काम नवख्याचं नाही. तिथे शॉकशिवाय आर्कची, म्हणजे हवेतून उडणाऱ्या प्रचंड ठिणगीची, भीती असते, शॉर्ट झाला तर ठिणगीचं तापमान १९,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं, सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही कितीतरी जास्त, आणि भाजायला हात लागावाही लागत नाही. पॅनलसमोर निदान एक मीटर जागा मोकळी, खाली रबरी मॅट, आणि तिथे खोकी रचायची नाहीत.

ड्रिल, ग्राइंडर वापरण्याआधी वायर जिथे आत शिरते ती जागा बघा, आतल्या रंगीत वायरी दिसत असतील तर ते मशीन बाजूला ठेवा आणि तसं सांगा, नाहीतर दुसरा कुणीतरी उचलेल. ओल्या जागी किंवा उघड्यावर आरसीसीबी असलेल्या पॉइंटवरच चालवा. ब्रिटनमध्ये बांधकामाच्या साइटवर हातातल्या मशीन ११० व्होल्टवर चालवायची पद्धत आहे, त्या ट्रान्सफॉर्मरचा मधला बिंदू अर्थ केलेला असतो, त्यामुळे कुठलीही एक वायर लागली तरी जमिनीच्या तुलनेत फक्त ५५ व्होल्ट. वरून तारा जात असतील तर अॅल्युमिनियमची शिडी नको, फायबरग्लासची घ्या, आणि शिडी, पाइप, सळई काहीही उभं नेताना आधी वर बघा. किमान ३ मीटर अंतर ठेवा, जास्त दाबाच्या लाइनला त्याहून जास्त, तिथे तारेला स्पर्श न होताही वीज उडी मारते.

ऑफिसमध्ये धोके साधे असतात, टेबलाखालचा वैयक्तिक हीटर, एकात एक लावलेले एक्स्टेंशन, खुर्चीच्या चाकाखाली चिरडलेली वायर. महिन्यातून एकदा कुणीतरी वाकून टेबलाखाली बघितलं तरी पुरे.

शॉक बसला किंवा आग लागली तर

कुणी विजेला चिकटलेला दिसला की पहिली उर्मी येते त्याला ओढायची, आणि दुसरा माणूस तिथेच जातो. आधी सप्लाय तोडा, मेन पाडा किंवा प्लग काढा. तेवढा वेळच नसेल आणि घरगुती व्होल्टेज असेल तर कोरड्या लाकडावर किंवा जाड कोरड्या पुठ्ठ्यावर उभं राहून कोरड्या लाकडी काठीने वायर बाजूला करा. वीज तुटली की बघा श्वास चालू आहे का. नसेल तर कुणालातरी अॅम्ब्युलन्सला फोन करायला सांगा आणि लगेच छाती दाबायला सुरुवात करा, छातीच्या मध्यभागी, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने. शिकलेले असाल तर ३० दाबांनंतर २ श्वास, नसाल तर नुसतं दाबत राहा. जवळ एईडी मशीन (हृदयाचा ठोका पूर्ववत करायला विजेचा झटका देणारं) असेल तर आणायला लावा, ते स्वतः बोलून सांगतं काय करायचं.

आग असेल तर पाणी नाही. सप्लाय बंद, आणि आग अजून छोटी असेल तरच कार्बन डायऑक्साइडचा किंवा कोरड्या पावडरचा सिलिंडर, पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दाबा आणि आडवी फिरवत राहा, बाहेर पडायचं दार कायम आपल्या पाठीमागे ठेवून. धूर भरायला लागला की सोडून द्या आणि बाहेर पडा.

रस्त्यावर तार तुटून पडलेली दिसली तर ती शांत पडलीय म्हणून मेलेली समजू नका. निदान १० मीटर लांब राहा. तिच्याजवळच्या जमिनीतही व्होल्टेज पसरलेलं असतं, दोन पावलांत अंतर जेवढं जास्त तेवढा फरक जास्त, म्हणून आत अडकला असाल तर पाय जुळवून, न उचलता, सरकत सरकत बाहेर या. तार गाडीवर पडली तर गाडीतच बसून राहा. गाडी पेटलीच तर दोन्ही पाय जोडून बाहेर उडी मारा, गाडीला आणि जमिनीला एकदम हात-पाय लागू न देता.

आणि ज्याला जोराचा शॉक बसला तो लगेच उठून "मी ठीक आहे" म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचं. छातीतून करंट गेला असेल, बेशुद्ध पडला असेल, छातीत धडधडत असेल किंवा बाई गरोदर असेल तर अजिबात टाळायचं नाही, तिथे ईसीजी काढतात. बाहेर नखाएवढा डाग दिसतो आणि आत स्नायू भाजलेले असू शकतात. डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा, किती व्होल्टची लाइन होती, साधारण किती वेळ चिकटला होता, आणि कुठून कुठे गेला, हातातून हातात की हातातून पायात.